तिसरे भाऊशेट आणि एकविसावा वेताळ : एका अपेक्षाभंगाचे प्रकरण

मे १९९९ मधल्या एका संध्याकाळी वेंगुर्ले तालुक्यातील एका घराच्या माजघरात पाच माणसे एक इंग्रजी चित्रपट पाहत बसली होती. चित्रपट दोन सीड्यांवर होता. पहिली सीडी संपली तेव्हा घराचे मालक उठले, त्यांनी ती प्लेअरमधून काढून पाकिटात घातली, दुसरीला हात न लावता "आता जेवून घ्या" एवढेच म्हटले आणि ते पडवीत जाऊन बसले. त्या वेळी आठही वाजले नव्हते आणि भात अजून चुलीवरच होता, त्यामुळे जेवणाचे निमित्त कोणालाच पटले नाही. हे प्रकरण त्या न लावलेल्या दुसऱ्या सीडीचे आहे. पाचांपैकी एक मी होतो, आणि त्यानंतर या विषयावर आमचे जे बोलणे झाले ते अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी चालू राहिले; त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

भाऊशेट

घराचे मालक माझे शाळासोबती. शिरोडे-वेंगुर्ले रस्त्यापासून थोडे आत त्यांचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. तो त्यांच्या आजोबांनी सुरू केला, आणि आजोबांना बाजारात भाऊशेट म्हणत. ते थकल्यावर गादीवर वडील बसले आणि वर्षभरात व्यापारी त्यांनाही भाऊशेट म्हणू लागले. १९९३ साली माझे मित्र बसले आणि तेही भाऊशेट झाले. घाटावरची काही जुनी गिऱ्हाइके कधी समोर न येता केवळ पत्राने आणि फोनने माल मागवत आली आहेत. त्यांच्यापैकी एकाने एकदा फोनवर "भाऊशेट, एवढी वर्षं झाली, पण तुमचा आवाज अगदी तसाच आहे" असे म्हटल्याचे माझे मित्र हसत सांगतात. त्या गिऱ्हाइकाला त्यांनी खरे काय ते सांगितले नाही. दुकानाच्या पतीला ते बरे असते, असे त्यांचे म्हणणे.

येथे त्यांना मी याच नावाने संबोधतो. त्यांचे खरे नाव झाकण्यासाठी ते सोयीचे आहेच, पण प्रकरणाचे मर्मही त्या नावातच आहे.

भाऊशेटांचा जन्म १९६४ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला आणि त्यात ली फॉक या अमेरिकी लेखकाच्या ‘फँटम’ची कथा छापली. मूळ चित्रकथा १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतील वृत्तपत्रांत रोज एक पट्टी या पद्धतीने येत होती. आपल्याकडे मराठी आवृत्तीत तो नायक ‘वेताळ’ झाला. इंद्रजालचे अंक १९९० साली बंद पडले. तोपर्यंत भाऊशेटांकडे दोनशेहून अधिक अंक जमले होते. त्यांतले बरेचसे त्यांचा मामा दर चतुर्थीला मुंबईहून येताना, गणपतीच्या मखराचे सामान आणि बेसनाचे लाडू यांच्यामध्ये, पिशवीत सपाट ठेवून आणत असे.

कोकणातल्या पावसात कागद टिकवणे सोपे नाही. पहिल्या दोनतीन पावसाळ्यांतच अंकांच्या पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग पडले, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या या मुलाने प्रत्येक अंकाच्या पिना सुरीच्या टोकाने उचकटून काढल्या आणि आईच्या शिवणयंत्रावरच्या रिळाच्या दोऱ्याने अंक पुन्हा शिवले. काजूगराच्या पत्र्याच्या डब्यात ते आजही आहेत, तळाशी डांबराच्या गोळ्या आहेत, आणि डब्याच्या झाकणाभोवती, माल मुंबईला पाठवताना लावतात तशी, चिकटपट्टी आहे. एक अंक हातात घेतला तर पाने उलगडताना दोऱ्याचा बारीक कुरकुर असा आवाज येतो. भाऊशेटांच्या अपेक्षाभंगाला कोणी पोरकट म्हणण्याआधी त्याने हा दोरा पाहावा, असे मला वाटते.

गुपित कोणाकडे

वेताळाच्या कथेचा पाया थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सगळा वाद त्याच पायाचा आहे. सोळाव्या शतकात एका जहाजावर समुद्री चाचे हल्ला करतात. एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो, आणि आपल्या पित्याला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून, चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध आपण आणि आपले वंशज लढत राहू, अशी शपथ घेतो. त्याच्यामागून त्याचा मुलगा तोच पोशाख आणि तोच मुखवटा चढवतो, मग त्याचा मुलगा. रानातल्या लोकांना आणि चाच्यांना वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. इंग्रजीतले त्याचे बिरुदही ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे आहे. प्रत्यक्षात आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. त्याच्या अंगात कोणतीही दैवी शक्ती नाही. नेम चांगला, शरीर कमावलेले, सोबतीला घोडा आणि लांडगा, आणि राहायला कवटीच्या आकाराची गुहा. त्या गुहेत आधीच्या वीस जणांच्या कबरी आहेत आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या जाडजूड बखरी आहेत. पेच पडला की एकविसावा वेताळ त्या बखरी काढून वाचतो.

म्हणजे कथेत एक मोठी अफवा आहे, आणि ती अफवा आहे हे वाचकाला पहिल्याच पानापासून ठाऊक आहे. चाचे घाबरतात, दरोडेखोर बंदूक टाकून पळतात, आणि दहा वर्षांचा वाचक मनात म्हणतो की अरे वेड्यांनो, तो माणूस आहे. या कथामालेची गोडी माझ्या मते मारामारीत कमी आणि या भागीदारीत अधिक आहे: लेखक, वेताळ आणि वाचक असे तिघेच जण एक गुपित राखून आहेत.

आमच्या भागात या गुपिताला आणखी एक पदर होता. आरवलीचा श्री देव वेतोबा येथून फार लांब नाही. त्याला नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. भाऊशेटांची आजी सांगायची, "देव रातचो फिरता, म्हणान चपला झिजतत." त्या घरात वाढलेल्या मुलाच्या हाती ‘वेताळ’ नावाचा, रात्री रानात फिरणारा, दुष्टांना शासन करणारा नायक पडला, तेव्हा त्याने पहिली काही वर्षे दोघांना एकच मानले असते तर नवल नव्हते. पण तसे झाले नाही. भाऊशेट सांगतात की आरवलीचा तो देव आणि पुस्तकातला तो माणूस, ही वाटणी त्यांच्या मनात अगदी लवकर झाली, आणि पुस्तकातला वेताळ माणूस असल्यामुळेच तो त्यांना अधिक जवळचा वाटला. देवाला चपला वाहायच्या. माणसासारखे होता येते.

त्या संध्याकाळी

‘द फँटम’ हा चित्रपट जून १९९६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सायमन विन्सर, नायक बिली झेन. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेतील चित्रपटगृहांत पावणेदोन कोटींच्या आसपासच कमाई केली, म्हणजे व्यवहाराच्या भाषेत तो बुडाला. भाऊशेटांपर्यंत तो पोहोचायला तीन वर्षे लागली. आदल्या वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली होती, आणि त्यांचा मुंबईतला धाकटा भाऊ मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला घेऊन कुडाळला उतरला तेव्हा त्याच्या बॅगेत या दोन सीड्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये ली फॉक वारले होते. ती बातमी भाऊशेटांनी वर्तमानपत्रातून कापून पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. एकूण त्या संध्याकाळच्या बैठकीला थोडेसे श्राद्धाचे रूप होते, असे म्हटले तरी चालेल.

माजघरात भाऊशेट, त्यांची आई, भाऊ, अकरा वर्षांचा पुतण्या आणि मी असे बसलो होतो. पुतण्या इंग्रजी शाळेतला असल्यामुळे आजीला संवाद समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. चित्रपटाची सुरुवात ‘जे उशिरा आले त्यांच्यासाठी’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. चित्रकथेत वेताळाची पूर्वपीठिका सांगताना हेच वाक्य वापरण्याची जुनी रीत आहे. ते पडद्यावर उमटले तेव्हा भाऊशेटांनी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे पाहिले. जहाज, चाचे, किनाऱ्याला लागलेला मुलगा, सगळे आले. घोडा आला, लांडगा आला, कवटीची गुहा आली. पहिली काही मिनिटे ते पुढे वाकून, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून पाहत होते.

मग गुहेत एक वृद्ध गृहस्थ दिसू लागले आणि नायकाशी बोलू लागले. ते नायकाचे वडील, म्हणजे विसावा वेताळ, जे मरण पावलेले आहेत. चित्रपटात ही भूमिका पॅट्रिक मॅकगूहन यांनी केली आहे, आणि चांगली केली आहे. आजीने विचारले की हे म्हातारे कोण, आणि पुतण्याने "त्याच्या बाबांचं भूत" असे सांगितले. भाऊशेट मागे सरून भिंतीला टेकले. त्यानंतर सीडी संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. ती संपण्याच्या सुमारास मुलाने काकांना एक साधा प्रश्न विचारला: "काका, मग वेताळ माणूस आहे की भूत?"

काकांनी उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते आजीने, पण तिच्या मनात वेताळ म्हणजे एकच होता. "भूत न्हय रे. राखणदार तो," ती म्हणाली. यानंतर भाऊशेट उठले आणि त्यांनी सीडी काढली.

सतरा कलमे

दुसरी सीडी त्यांनी तीन दिवसांनी, दुपारी, एकट्याने पाहिली. त्या रात्री त्यांनी जुन्या खतावणीच्या एका कोऱ्या पानावर चित्रपटातील चुकांची यादी केली. तिच्यात सतरा कलमे होती. ती यादी माझ्याकडे वाचायला आली तेव्हा, खरे सांगायचे तर, मला पहिल्यांदा हसू आले. कारण पहिले कलम चड्डीचे होते.

चित्रकथेतला वेताळ अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालतो. आमच्या पिढीच्या मुलांना त्यात काही वावगे दिसले नाही, कारण गावच्या शिंप्याने उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची शिवलेली नाडीची चड्डी आम्हीही घालत होतो. चित्रपटाने ती काढून टाकली आणि जांभळ्या पोशाखावर नक्षी उमटवली. हे कलम मी तेव्हाच बाद ठरवले आणि आजही बादच ठरवतो. पोशाख हा वेताळाच्या बाबतीत कधीच स्थिर नव्हता. फॉक यांच्या मनात त्याचा रंग करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा छपाईत तो जांभळा झाला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा छापला जातो, इटलीत तांबडा छापला गेला. ज्याचे कपडे तीन देशांत तीन रंगांचे आहेत त्याच्या चड्डीवरून दावा लावणे बरोबर नव्हे.

खलनायकांविषयीची कलमे अशीच वरवरची. मराठी आवृत्तीत एकविसाव्या वेताळाच्या पित्याचा घात करणारा रामालू आहे. चित्रपटात ते काम क्विल नावाच्या माणसाकडे दिले आहे. चित्रपटाचा अर्धा जीव न्यूयॉर्कमध्ये, झँडर ड्रॅक्स या धनाढ्याच्या कारस्थानात अडकला आहे, आणि भाऊशेटांना रान हवे होते. ही तक्रार रास्त आहे, पण तिने कोणाचा अपेक्षाभंग होऊ नये. पावणेदोन तासांच्या कथेला एक कपटी शेट लागतोच, आणि चित्रकथेतला वेताळही अधूनमधून डोक्याला हॅट, डोळ्यांना काळा चष्मा आणि अंगात लांब कोट घालून शहरात जातोच.

चेहऱ्याचे कलम मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. चित्रकथेत वेताळाचा चेहरा वाचकाला दिसत नाही. मुखवट्याच्या छिद्रांत डोळ्यांऐवजी कोरी जागा असते आणि शहरी वेषातही चष्मा असतो. त्याचा उघडा चेहरा पाहणाऱ्याला भयंकर मरण येते, अशी रानातली जुनी म्हण कथेत वारंवार येते. चित्रपटात नायकाचे डोळे दिसतात, तो मुखवट्यावाचून वावरतो, आणि शेवटी नायिका डायना हिच्यासमोर मुखवटा उतरवतो. पंचवीस वर्षे जो चेहरा पाहिला नाही तो एका दुपारी फुकटात पाहायला मिळाला, असे भाऊशेटांनी लिहिले होते. यावर मी त्यांच्याशी वाद घातला. रेघांनी काढलेल्या माणसाचे डोळे कोरे ठेवता येतात. हाडामांसाच्या नटाचे नाही ठेवता येत, आणि ज्या नटाला मोबदला देऊन आणले त्याला दोन तास झाकून ठेवण्याइतका निर्माता उदार नसतो. ही माध्यमाची अडचण आहे, तिला बेइमानी म्हणता येत नाही. भाऊशेटांनी हे अर्धे मान्य केले. "दिसला तर दिसू दे," ते म्हणाले, "पण दाखवताना त्यांना काही वाटलं नाही, ते मला लागलं."

आता खरी दोन कलमे. सातवे: ‘वडील बोलतात.’ अकरावे: ‘अंगठीत जादू आहे.’

चित्रपटाची कथा तीन जादूच्या कवट्यांभोवती फिरते: एक सोन्याची, एक चांदीची, एक हिरव्या पाषाणाची. तिन्ही एकत्र आल्या की त्यांतून विनाशक शक्ती निर्माण होते. शेवटी असे उघड होते की या तिन्ही कवट्यांना आवर घालणारी चौथी कवटी वेताळाच्या बोटातल्या अंगठीवर आहे, आणि नायक जिंकतो तो त्या अंगठीमुळे. चित्रकथेतली अंगठी गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवते, आणि तो ठसा उमटतो तो ठोशाच्या जोराने. चित्रपटाने त्या अंगठीचा ताईत केला.

हे का झाले असावे, याचा एक दुवा पटकथाकाराच्या नावात मिळतो. पटकथा जेफ्री बोम यांची आहे, आणि १९८९ च्या तिसऱ्या इंडियाना जोन्स चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. तिथेही काळ १९३८ चा, तिथेही दैवी सामर्थ्य असलेल्या एका प्राचीन वस्तूचा शोध, तिथेही मुलगा आणि त्याचे बोलके, टोमणे मारणारे वडील. तिथे वडील जिवंत होते; येथे ते मेलेले असल्यामुळे त्यांचे भूत आणावे लागले, असे मला दिसते. चाललेला माल पुन्हा भरून पाठवण्याची ही पद्धत व्यापाऱ्याला अपरिचित नाही. भाऊशेट काजूच्या भाषेत म्हणाले, "डब्यावर शिक्का दोनशे चाळीसचा आणि आत पाकळी." दोनशे चाळीस म्हणजे पौंडाला जास्तीत जास्त तितकेच भरणारे मोठे, अख्खे गर, पाकळी म्हणजे दुभंगलेला. पाकळी खायला वाईट नसते. ती पाकळीच्या भावाने आणि पाकळीच्या नावाने विकावी, एवढेच.

त्यांच्या म्हणण्याला फॉक यांच्याच कामातून एक भक्कम आधार आहे, आणि तो त्यांनी स्वतः शोधला. वेताळाच्या दोन वर्षे आधी, १९३४ साली, फॉक यांनी जादूगार मँड्रेक निर्माण केला होता. इंद्रजालमध्ये दोघेही येत. ज्या लेखकाकडे जादूगार नायक आधीच तयार होता त्याने दुसरा नायक जाणूनबुजून जादूविना घडवला. मग त्या दुसऱ्याला जादू देणे म्हणजे लेखकाने आखलेला बांध नांगरून टाकणे होय. शेजारशेजारच्या दोन कुणग्यांमधला बांध मोडला की काय होते हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

वडिलांच्या भुताविषयी मी बचावाची एक बाजू मांडून पाहिली. गुहेतले ते वडील मुलाखेरीज कोणालाच दिसत नाहीत. तेव्हा तो मुलाच्या मनातला संवाद आहे, असे का धरू नये? भाऊशेट थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग बखरी कुणासाठी लिहिल्या?"

हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत नेमका वाटतो. बखरी लिहिल्या, कारण मेलेली माणसे बोलत नाहीत. वीस जणांनी आपापल्या चुका, युक्त्या, जखमा लिहून ठेवल्या, कारण पुढच्याला विचारायला कोणी असणार नव्हते. भाऊशेटांच्या कारखान्यात आजोबांच्या हातची कीर्द आहे. तिच्यातली सुरुवातीची काही वर्षे मोडीत आहेत, आणि ती वाचता यावीत म्हणून त्यांनी गावातल्या एका वृद्ध तलाठ्याकडून चार महिने मोडी शिकून घेतली. कोणत्या वर्षी अवेळी पावसाने मोहोर गळला, कोणत्या व्यापाऱ्याने हुंडी बुडवली, कोणाला उधार द्यायचे नाही, हे त्यांना त्या पानांतून कळले. तिसरा भाऊशेट पहिल्या भाऊशेटाला भेटतो तो असा. चित्रपटातल्या एकविसाव्याला इतके कष्ट पडत नाहीत. त्याचे वडील गुहेत बसून सल्ला देतात.

एकदा भूत खरे ठरले की अफवा ही अफवा उरत नाही. चाचे ‘हे भूत आहे’ म्हणून घाबरतात, ते फारसे चुकत नाहीत, कारण गुहेत भूत आहेच. वाचकाकडचे गुपित निरर्थक होते. पुतण्याने विचारलेल्या प्रश्नाला चित्रकथेत एका शब्दाचे उत्तर होते. चित्रपट पाहून ते उत्तर देता येत नाही. काका त्या रात्री उठून गेले ते म्हणूनच, असे माझे मत आहे, आणि त्यांनी ते नाकारलेले नाही.

दशावतार

भाऊशेट बदलाचे वैरी आहेत, असा समज होऊ नये. ते जत्रेतल्या दशावताराला पहाटेपर्यंत बसतात. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, रंगपटात कोण काय करणार ते ठरते, आणि संवाद नट पायपेटी-मृदंगाच्या साथीने उभ्याउभ्या रचतात. एकाच कंपनीचे तेच आख्यान दोन जत्रांत वेगवेगळे होते. मी त्यांना विचारले की तिथे मूळ पुराणाशी इमान कोण मागते, आणि तुम्ही का मागत नाही. ते म्हणाले की संकासुर मालवणीत बोलतो, भटजीची टर उडवतो, गावच्या पुढाऱ्यांवर कोट्या करतो, आणि तरी वेद त्यानेच चोरलेले असतात आणि शेवटी तो विष्णूच्या हातून मरतो. "संकासुरान वेद परत दिले आणि दोघा जेवाक बसले, असा कोण दाखवता?" हे त्यांचे वाक्य मी त्याच रात्री टिपून ठेवले.

आरवलीच्या देवाचेच पाहा. पूर्वी त्याची मूर्ती फणसाच्या लाकडाची असे, आता पंचधातूची आहे. देव बदलला असे कोणी म्हणत नाही. चपला मात्र अजून चामड्याच्याच वाहतात, आणि चालणे अजून त्याच्याकडेच आहे.

डेंकाली

प्रकरण येथे संपले असते तर भाऊशेटांची बाजू जवळजवळ निर्विवाद ठरली असती. पण साधारण दहा वर्षांनी, पुतण्या महाविद्यालयात गेल्यावर, त्याने काकांना संगणकावर मूळ इंग्रजी चित्रपट्ट्या दाखवल्या, आणि त्यातून एक अडचण उभी राहिली.

सतरा कलमांतले दुसरे कलम असे होते की चित्रपटाने वेताळाच्या देशाचे नाव ‘डेंकाली’ बदलून ‘बेंगाला’ केले. तिसरे असे की ‘सिंगा’ चाच्यांचे ‘सेंग’ केले. आता दिसले ते उलटेच. फॉक यांच्या मूळ कथांत देशाचे नाव आधी ‘बेंगाली’ आणि नंतर ‘बंगाला’ असे आहे, चाचे ‘सिंग’ आहेत, आणि पित्याचा मारेकरी ‘रामा’ आहे. भारतात छापताना ही नावे येथल्या प्रांताशी, येथल्या लोकांशी आणि देवाशी जुळत असल्यामुळे इंद्रजालच्या संपादकांनी ती बदलली: डेंकाली, सिंगा, रामालू. शिवाय वृत्तपत्रातल्या आडव्या पट्ट्या अंकाच्या उभ्या पानात बसवताना चौकटी कापल्या आणि हलवल्या गेल्या होत्या. नावांच्या बाबतीत चित्रपटच मुळाच्या अधिक जवळ होता. भाऊशेट ज्याला मूळ समजत होते ते स्वतःच एक रूपांतर होते, आणि त्यांच्या रागाची दोन-तीन कलमे चित्रपटाने खरेपणा राखल्याबद्दलची होती.

‘वेताळ’ हे नावही त्यातलेच. इंग्रजी शब्दाला नुसत्या भासाचा अर्थ आहे. वेताळ म्हणजे भुतांचा अधिपती; त्याची अवसेची पालखी असते, त्याच्या देवळात लोक हात जोडतात. ज्या भुताला चित्रपटाने गुहेत आणून बसवले ते मराठी भाषांतराने नायकाच्या नावातच बसवून ठेवले होते, हे मी भाऊशेटांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. मग म्हणाले की नाव भुताचे आणि आत माणूस, हीच तर गंमत होती.

या टप्प्यावर माझा निर्णय देतो. नावे बदलणाऱ्या इंद्रजालच्या संपादकांनी कथेतली शब्दांची कातडी बदलली; वेताळ मर्त्य आहे, तो वाचून शिकतो, आणि हे वाचकाला ठाऊक आहे, या तिन्ही गोष्टींना त्यांनी धक्का लावला नाही. चित्रपटाने नावे जपली, घोडा-लांडगा जपले, सुरुवातीचे वाक्यसुद्धा जपले, आणि या तिन्ही गोष्टी सैल सोडल्या. म्हणून एखाद्या नवख्या प्रेक्षकाला तो चित्रपट साधा, रंगीत, निरुपद्रवी वाटेल, आणि तसा तो आहेही. पुतण्याला तो आवडला होता आणि त्याची आवड खोटी नव्हती. ज्याने अंक दोऱ्याने शिवले आहेत त्याला मात्र ओळखीच्या घरात शिरून परक्याचा आवाज ऐकल्यासारखे झाले.

त्या पावसाळ्यात मी भाऊशेटांना त्यांची जुनी यादी पुन्हा काढायला सांगितली, आणि जी कलमे आता टिकत नाहीत ती खोडा, असे सुचवले. त्यांनी निळ्या बॉलपेनने चड्डी खोडली, न्यूयॉर्क खोडले, रामालू आणि सिंगा खोडले. चेहऱ्यापाशी पेन थोडा वेळ थांबले, मग तेही अर्धे खोडले. सातवे आणि अकरावे कलम राहिले. मी पान परत घेतले तेव्हा दुसरेही तसेच राहिलेले दिसले. मी म्हटले, "अरे, डेंकाली राहिली. ते आपलंच चुकीचं होतं ना?"

"चुकीचा आसा, म्हायत आसा माका," भाऊशेट म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले. "पण मी थंय जावन इलंय."